सातला काय झालं? रोमा लोकांची गोष्ट, सोप्या भाषेत

रात्री जेवणं झाली की मी सोफ्यावर आडवा होऊन मोबाइल बघतो आणि आई शेजारी बसून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडते, हे आमच्याकडचं रोजचं. मागच्या महिन्यात असाच यूट्यूबवर भरकटत गेलो आणि एका रोमा बाईचा व्हिडिओ लागला, ती कॅमेऱ्यात बघून एक ते दहा मोजून दाखवत होती. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव... आई गवार मोडता मोडता म्हणाली, "कुठली आहे ही, काठियावाडची का?" तोवर बाई पुढे गेली. एफ्ता, ओख्तो, एन्या, देश. आईचा हात थांबला. "सातला काय झालं हिला?"

आता प्रश्न गवार मोडता मोडता विचारलेला असला तरी उत्तर हजार वर्षं लांब आहे. एका वाक्यात सांगायचं तर सात, आठ, नऊ हे ग्रीक आहेत. सहापर्यंतचे आकडे हे लोक भारतातून घेऊन निघाले, वाटेत ग्रीक बोलणाऱ्या मुलखात इतक्या पिढ्या राहिले की मधले तीन आकडे तिथले चिकटले, आणि दहाला परत घरचा शब्द. वीसही घरचाच, बिश. पण हे नुसतं सांगून आईचं समाधान झालं नाही, कोण लोक, का गेले, परत का नाही आले, मग मी महिनाभर जे काय वाचलं ते इथे लिहितोय.

आधी नावाचा घोळ सोडवू. रोमाचा रोम शहराशी काही संबंध नाही आणि रोमानियाशीही नाही (तिथे हे लोक भरपूर आहेत हा निव्वळ योगायोग, म्हणजे नावापुरता). त्यांच्या भाषेत रोम म्हणजे पुरुष, नवरा, आपल्यातला माणूस. बायको म्हणजे रोमनी. भाषेचं नाव रोमानी. अभ्यासकांचं मत असं की हा रोम म्हणजे आपल्याकडचा डोम. मध्यपूर्वेत याच धर्तीच्या एका समाजाला आजही दोम म्हणतात, आर्मेनियाकडे लोम, युरोपात रोम. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने भारताबद्दल लिहिताना गाणारे-वाजवणारे खालच्या जातीचे लोक म्हणून डोमांचा उल्लेख केलाय. फ्रान्स-बेल्जियमकडचे काही गट स्वतःला मानूश म्हणवतात, आणि हो, तो आपला माणूसच. स्पेनमधले स्वतःला काले म्हणतात, त्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

आणि जिप्सी? आपल्याकडे जिप्सी म्हटलं की मारुतीची गाडी नाहीतर कुठलाही ताप नसलेला मनमौजी भटक्या डोळ्यांपुढे येतो. तो शब्द इजिप्तवरून आलाय, कारण युरोपातल्या लोकांना वाटलं हे इजिप्तचे. ब्रिटनमधले काही लोक तो स्वतःसाठी वापरतात, पण युरोपात बाकी ठिकाणी बऱ्याच रोमांना तो शिवीसारखा लागतो. जर्मन शब्द त्सिगॉयनर तर त्याहून वाईट, त्याचं पहिलं अक्षर नाझींच्या ऑशविट्झ छावणीत यांच्या हातांवर नंबरच्या आधी गोंदलेलं असायचं. ते पुढे येईलच.

युरोपात आज साधारण १ कोटी ते १ कोटी २० लाख रोमा आहेत असा अंदाज सांगतात. म्हणजे कितीतरी स्वतंत्र देशांपेक्षा जास्त लोक, आणि देश मात्र एकही नाही.

आता यांचा इतिहास शोधायचा तर अडचण अशी की यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. बखर नाही, ताम्रपट नाही, देवळातला शिलालेख नाही. जे काय लिहिलंय ते दुसऱ्यांनी, आणि त्यात निम्मं पोलिसी भाषेत. मग उरते काय तर भाषा. मला ती किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी वाटते. घरातलं काय आणि उसनं काय, कुठल्या दुकानातून घेतलं, किती वर्षं तिथे खातं होतं, सगळं त्या वहीत सापडतं.

घरातलं आधी बघा. नाख म्हणजे नाक, कान म्हणजे कान, दांद म्हणजे दात, चिब म्हणजे जीभ. पानी म्हणजे पाणी. याग म्हणजे आग. सुव म्हणजे सुई, छुरी म्हणजे सुरी, माछो म्हणजे मासा. लोन म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यातलं लोण तेच. काही शब्द चटकन ओळखू येत नाहीत, पण एक सोपी किल्ली आहे: आपल्याकडे जिथे घ, ध, भ, तिथे त्यांच्याकडे ख, थ, फ. घर म्हणजे खेर, दूध म्हणजे थुद, धूर म्हणजे थुव, बहीण (मूळ भगिनी) म्हणजे फेन. मला सगळ्यात आवडलेला शब्द खाम. किल्ली फिरवली की होतो घाम, पण त्यांच्याकडे खाम म्हणजे सूर्य! दोन्ही आले संस्कृत घर्म वरून, म्हणजे ऊन, उष्णता. आपण त्यातलं अंगावरून निथळणारं ठेवलं, त्यांनी आकाशातलं. देव म्हणजे देवेल. आणि ख्रिस्ती झाल्यावर क्रॉसला नाव काय दिलं असेल, त्रुशुल. म्हणजे त्रिशूळ!

उसनवारीत पहिलं दुकान फारसी. बख्त, म्हणजे नशीब, आपल्या कमबख्त मधलं. मग आर्मेनियन, घोड्याचा शब्द ग्रास्त तिथला. आणि मग ग्रीकचं खातं, ते एवढं मोठं की पानंच्या पानं भरलीत. रस्ता द्रोम, शहर फोरो, फूल लुलुदी, घोड्याचा नाल पेतालो, खिळा, ऐरण... लोहारकामाचे शब्द ग्रीक आणि आर्मेनियन का, तर धंदा तिथे वाढला म्हणून. याउलट अरबीचं खातं जवळपास रिकामं. यावरून वाट निघते: इराण, आर्मेनिया, मग आजच्या तुर्कस्तानातलं ग्रीक बोलणारं बायझंटाईन साम्राज्य.

निघाले कधी याचाही अंदाज भाषेतूनच येतो, आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. आपल्याकडे तीन लिंगं, तो-ती-ते. माझा वाडा, माझी खोली, माझं घर. हिंदीवाल्यांचं नपुंसकलिंग गेलं, मेरा घर. रोमानीतही दोनच लिंगं, मिरो खेर, माझा घर. उत्तर भारतातल्या भाषांनी हे तिसरं लिंग सोडलं ते इसवी सन १००० च्या आगेमागे, म्हणजे यांचे पूर्वज तोवर त्याच बाजूला कुठेतरी होते असं मानलं जातं. १९२६ मध्ये राल्फ टर्नर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने अजून बारीक काम केलं. भाषेचा सगळ्यात जुना थर मध्य भारताकडच्या हिंदीच्या कुटुंबातला, पण त्रिन, द्राख (द्राक्ष) असे जोडाक्षरवाले शब्द टिकलेत ते वायव्येकडच्या भाषांमध्ये टिकतात तसे. म्हणजे आधी मध्य भारतातून वर पंजाब-सिंधच्या पट्ट्यात, तिथे बराच मुक्काम, मग बाहेर. पुढे २०१२ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास आला, त्यानेही बोट उत्तर-वायव्य भारताकडेच दाखवलं, फक्त वेगळं होण्याचा काळ थोडा मागे नेला, सुमारे १५०० वर्षांपूर्वी.

हे भाषेचं गूढ पहिल्यांदा नीट उलगडलं १७८२ मध्ये. जर्मनीत हाल्ले शहरात रुडिगर नावाचा एक माणूस होता, त्याने बार्बारा माकेलिन नावाच्या एका रोमा बाईला बसवून वाक्यामागून वाक्य तिच्या भाषेत सांगायला लावलं आणि मग ती वाक्यं हिंदुस्तानीच्या एका जुन्या व्याकरणाशेजारी ठेवून बघितली. जुळली. इतकं साधं. आणि याच १७८२ साली हंगेरीत काय चाललं होतं, तर नरभक्षक असल्याच्या आरोपावरून ४० हून जास्त रोमांना हालहाल करून मारलं, नंतर सम्राटाने चौकशी लावली तेव्हा कळलं की कोणी माणूस खाल्ला नव्हताच. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता का गेले? इथे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन गोष्टी फिरतात. एक फिरदौसीच्या शाहनाम्यातली: इराणच्या राजा बहराम गूरने हिंदुस्तानच्या राजाकडून १० हजार लुरी वादक मागवले, प्रत्येकाला बैल, गाढव आणि बियाण्याचे गहू दिले, शेती करा आणि गरिबांना फुकट गाणं ऐकवा म्हणाला, तर हे वर्षभरात गहू आणि बैल खाऊन परत दारात हजर, मग राजा चिडून म्हणाला आता गाढवावर बिऱ्हाड लादून फिरत बसा. गोष्ट झकास आहे, पण ती १०१० च्या आसपास लिहिलीय, पाचव्या शतकातल्या राजाबद्दल, आणि ते लुरी हेच रोमांचे पूर्वज हे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरी थिअरी म्हणजे हे महमूद गझनीच्या स्वाऱ्यांच्या काळात बाहेर पडलेले सैनिक, राजपूत वगैरे, काही रोमा अभ्यासकांनाही ती पटते, पण कागद नाही. तिसरी म्हणजे रोमा हे आपले बंजारेच. नाही. घागरा, आरशांचं भरतकाम, गाड्यांचा तांडा हे बघून आपल्याला तसं वाटतं, पण तांड्यावरची गोरमाटी बोली आणि रोमानी वेगवेगळ्या वाटेने वाढल्यात, दूरचं नातं असेल तर जेवढं मराठीशी आहे तेवढंच.

युरोपच्या दारात हे पहिल्यांदा दिसतात ते कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल), १०५० च्या सुमारास. जॉर्जियन भाषेतल्या एका संतचरित्रात आहे की सम्राट कॉन्स्टंटाईन मोनोमाखोसच्या शिकारीच्या बागेत हिंस्र जनावरं घुसून त्याची राखीव हरणंबिरणं फस्त करत होती, तेव्हा आद्सिंकानी नावाच्या जादूटोणावाल्यांना बोलावलं आणि त्यांनी मंतरलेले मांसाचे तुकडे टाकून जनावरं मारली. (मंतरलेले म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.) या आद्सिंकानी वरूनच पुढे त्सिगान, त्सिगॉयनर ही सगळी नावं आली. नंतर ग्रीसच्या दक्षिण टोकाला मेथोनी नावाच्या बंदराबाहेर यांच्या झोपड्यांची मोठी वस्ती होती, लोहारकाम करायचे. व्हेनिसहून जेरुसलेमला जाणारी यात्रेकरूंची जहाजं तिथे थांबायची, आणि त्या भागाला लोक छोटा इजिप्त म्हणायचे. इजिप्तचं लचांड इथून.

तिथून पश्चिमेला सरकले ते साधारण १४१७ मध्ये, आणि सुरुवातीला स्वागत झालं बरं का. कारण ते यात्रेकरू म्हणून आले. आम्ही छोट्या इजिप्तचे ख्रिस्ती, मध्ये धर्म सोडला होता, प्रायश्चित्त म्हणून सात वर्षं फिरायचंय, अशी कहाणी आणि हातात सम्राट सिगिस्मुंडचं रक्षापत्र. त्या काळात यात्रेकरूला शिधा देणं पुण्याचं, आपल्याकडे वारकऱ्यांना देतात तसं. पुढारी स्वतःला ड्यूक, काउंट म्हणवायचे.

पॅरिसमधल्या एका माणसाने रोजनिशी लिहून ठेवलीय, त्याचं नाव आजही नक्की माहीत नाही, पण १७ ऑगस्ट १४२७ ची त्याची नोंद वाचताना आपण तिथे उभे असल्यासारखं वाटतं. आधी बारा जण घोड्यावर आले, एक ड्यूक, एक काउंट, दहा माणसं. बाकीचे शंभर-सव्वाशे लोक बाया-पोरांसकट २९ तारखेला पोचले, त्यांना शहरात घेतलं नाही, बाहेर ला शापेलला उतरवलं. पुरुष सावळे, केस कुरळे, बायांचे केस घोड्याच्या शेपटीसारखे काळे, कानात चांदीच्या बाळ्या. अख्खं पॅरिस बघायला लोटलं. बाया हात बघून भविष्य सांगायच्या, आणि लोक म्हणायचे की तेवढ्यात खिसा रिकामा होतो. हा रोजनिशीवाला मात्र प्रामाणिक, तो म्हणतो मी स्वतः तीन-चार वेळा जाऊन बोललो, माझा एक पैसाही गेला नाही, पण लोक असं म्हणतात खरं. शेवटी बिशपने येऊन हात दाखवणाऱ्यांना धर्माबाहेर काढलं आणि यांना ८ सप्टेंबरला निघावं लागलं.

मला हा माणूस आवडतो. पुढची पाचशे वर्षं युरोपने त्याच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला.

कारण पुढे कायद्यांची रांगच लागते. १४९८ मध्ये जर्मन साम्राज्याच्या सभेने यांना तुर्कांचे हेर ठरवून कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकलं, म्हणजे कोणी मारलं तरी गुन्हा नाही. १४९९ मध्ये स्पेन, स्थायिक व्हा नाहीतर चालते व्हा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३० ला हाकललं आणि १५५४ ला तर देशात सापडले की फाशी असा कायदा आला, तसले कायदे पुढे १७८३ पर्यंत पुस्तकात होते. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६८२ मध्ये पुरुषांना जहाजांवर वल्ही मारायला जन्मठेपेवर पाठवायचा हुकूम काढला. आता विचार करा, या राज्यात थांबलास तर मारीन, त्या राज्यात आलास तर मारीन, मग माणूस राहणार कुठे? हद्दीवर, जंगलात, गाडीत. आणि मग तीच मंडळी पुस्तकात लिहिणार की यांच्या रक्तातच भटकंती आहे. अरे, तुम्हीच हाकलता आणि वर म्हणता एका जागी टिकत नाहीत! माझं तर ठाम मत झालंय की रोमांच्या भटकंतीतला मोठा भाग हा पायाला भिंगरी वगैरे काही नसून मागे लागलेला शिपाई आहे.

कोणी म्हणेल हे जरा जास्तच झालं. तर जिथे त्यांना हाकललं नाही तिथे काय झालं ते बघा, म्हणजे वॅलेकिया आणि मोल्डाव्हियात, आजच्या रोमानियात. तिथे ते पाचशे वर्षं एका जागी होते. गुलाम म्हणून.

१३८५ चा कागद आहे, वॅलेकियाच्या राजाने तिस्माना मठाला दान दिलं त्यात गावं, गिरण्या यांच्याबरोबर रोमांची ४० कुटुंबं. वॅलेकियात यांची पहिली नोंद हीच, आणि ती दानपत्रात. पुढे गुलामांचे तीन प्रकार झाले, राजाचे, मठांचे आणि जमीनदारांचे. विकता यायचे, आंदण देता यायचे, नवरा एकाचा आणि बायको दुसऱ्याची असं होऊ शकायचं. आई गुलाम तर मूल गुलाम. १८१८ च्या वॅलेकियाच्या कायद्यात सरळ लिहिलंय की हे जन्मतःच गुलाम असतात. कामावरून नावं पडली आणि ती नावं आजही जमातींची नावं आहेत: काल्देराश म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे, आपल्याकडचे तांबट, उर्सारी म्हणजे अस्वलवाले, लिंगुरारी म्हणजे लाकडी चमचे-पळ्या करणारे, लाउतारी म्हणजे वाजंत्री. सुटका टप्प्याटप्प्याने झाली, आधी सरकारच्या आणि मठांच्या गुलामांची, मग खासगी, मोल्डाव्हियात डिसेंबर १८५५ आणि वॅलेकियात २० फेब्रुवारी १८५६. सुमारे अडीच लाख माणसं. नुकसानभरपाई मिळाली, पण कोणाला? मालकांना. सुटलेल्यांना ना जमीन ना पैसा. तेव्हा बरेच जण पश्चिमेला निघाले, काही थेट अमेरिकेपर्यंत, आणि युरोपने परत म्हटलं, बघा, आले भटके.

स्पेनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथे १४९९ पासून अडीचशे वर्षं एकच घोषा, स्थायिक व्हा, ठरवून दिलेल्या गावांत राहा. बरेच जण राहिले. लोहार झाले, खाटीक झाले, घरं केली, चर्चच्या नोंदवहीत नावं लागली. मग ३० जुलै १७४९ च्या रात्री राजा सहावा फर्डिनांड आणि त्याचा मंत्री एन्सेनादा यांच्या हुकुमाने सैन्याने देशभर एकाच वेळी धाड घातली आणि सुमारे ९ हजार रोमांना धरलं. बेत असा की पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, म्हणजे पुढची पिढीच नको. सात वर्षांवरची मुलं बापाबरोबर कार्ताहेना, कादिझजवळ ला कार्राका अशा नौदलाच्या गोद्यांत बेड्या घालून कामाला, बाया आणि लहान पोरं मालागा, सारागोसा इथल्या कोंडवाड्यांत. आणि धरायला सोपे कोण, तर ज्यांनी सरकारचं ऐकून पत्ता दिला होता ते. काही गावांनी तर अर्ज केले की आमचा लोहार परत द्या, औजारं कोण दुरुस्त करणार. काही महिन्यांत कित्येकांना सोडलंही, पण शेवटचे कैदी सुटायला १७६५ उजाडलं.

ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाची पद्धत गोड बोलून गळा कापायची. तिने म्हटलं आता हे रोमा नाहीतच, यांना नवे हंगेरियन म्हणा. भाषा बंद, आपसात लग्न बंद, मुलं काढून शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला. मुलं पळून परत आईबापाकडे यायची.

इथे आपल्याकडचा एक धागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ही कल्पना इंग्रजांनी भारतात १८७१ च्या कायद्याने आणली, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी, भामटा वगैरे लोकांना हजेरी देऊन राहावं लागायचं, ते सुटले १९५२ मध्ये. दुसरीकडे म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रोमांची माहिती जमवणारं वेगळं खातं उघडलं, फोटो, बोटांचे ठसे, वंशावळी, आणि १९०५ मध्ये त्याचं छापील पुस्तकच काढलं. याद्या तयार होत्या. हिटलरला सुरुवात शून्यापासून करावी लागली नाही.

१९३६ च्या ऑलिम्पिकआधी, १६ जुलैला बर्लिनमधले सुमारे ६०० रोमा आणि सिंती (जर्मनीतले जुने गट स्वतःला सिंती म्हणतात) उचलून मार्झानला सांडपाण्याच्या शेतांशेजारी नेऊन टाकले. रॉबर्ट रिटर नावाचा डॉक्टर टीम घेऊन फिरायचा, डोकी मोजायचा, डोळ्यांचे रंग नोंदवायचा, आजी कोण आजोबा कोण विचारायचा. शास्त्रज्ञांना आर्य भाषा म्हणून ज्या भाषांचं कौतुक, त्यातलीच एक बोलणारे हे लोक, तरी ठरवलं की यांचं रक्त मिसळून बिघडलंय.

योहान ट्रोलमान नावाचा एक सिंती बॉक्सर होता. नाचत-नाचत खेळायचा, पब्लिक फिदा. ९ जून १९३३ ला त्याने लाइट हेवीवेटची जर्मन चॅम्पियनशिप जिंकली. पंच आधी निकालच देईनात, प्रेक्षकांनी दंगा केला तेव्हा पट्टा दिला, आणि थोड्याच दिवसांत काढून घेतला, कारण काय तर जिंकल्यावर रडला, शोभत नाही. पुढच्या मॅचला बजावलं की नाचायचं नाही, जर्मनासारखा उभा राहून खेळ. २१ जुलैला ट्रोलमान रिंगमध्ये आला तो केस सोनेरी रंगवून आणि अंगाला पांढरं पीठ फासून. उभा राहिला, ठोसे खाल्ले, पाचव्या फेरीत पडला. नंतर जबरदस्तीने नसबंदी, मग सैन्यात भरती, मग छळछावणी, १९४४ मध्ये मारला गेला. जर्मन बॉक्सिंग संघटनेने पट्टा परत केला २००३ मध्ये, घरच्यांना.

१६ डिसेंबर १९४२ ला हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलरने हुकूम काढला, सगळे ऑशविट्झला. तिथे बिर्केनाऊमध्ये यांचा वेगळा कुटुंब-विभाग होता, सुमारे २३ हजार लोक आले, त्यातले जवळपास २१ हजार मेले, भूक, टायफस, गॅस. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेले सगळे, सुमारे ४३०० म्हातारे, बाया, मुलं, एका रात्रीत गॅस चेंबरमध्ये. संपूर्ण युरोपात मेलेल्यांचा आकडा अडीच ते पाच लाखांच्या मध्ये धरतात, मोजदाद नीट होऊच शकली नाही कारण पूर्वेकडे कित्येकांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या, ना यादी ना कबर.

तुम्ही एक फोटो नक्की बघितला असेल. मालगाडीच्या डब्याचा दरवाजा अर्धवट उघडा, त्यातून डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक मुलगी बाहेर बघतेय. १९ मे १९४४, हॉलंडमधली वेस्टरबोर्क छावणी. पन्नास वर्षं तो चेहरा ज्यू हत्याकांडाचं प्रतीक म्हणून जगभर छापला गेला. १९९४ मध्ये एका डच पत्रकाराने डब्यावरचे खडूचे आकडे वगैरे तपासत माग काढला तेव्हा कळलं, ती सेतेला स्टाइनबाख, नऊ वर्षांची सिंती मुलगी. डोक्याला फडकं का, तर छावणीत केस भादरले होते म्हणून. ऑशविट्झला संपली. म्हणजे या लोकांच्या हत्याकांडाचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो त्यांच्या नावावर लागायलाही पन्नास वर्षं लागली.

युद्ध संपल्यावर काय? नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूर्नबर्गच्या मुख्य खटल्यात एकही रोमा साक्षीला नव्हता. रिटरला शिक्षा झाली नाही, उलट फ्रँकफर्टला सरकारी डॉक्टरची नोकरी. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने निकाल दिला की १९४३ च्या आधीची कारवाई वंशामुळे नव्हती, गुन्हेगारी रोखायला होती, म्हणजे भरपाई नाही. यावर बरीच वर्षं लोक भांडले, १९८० च्या ईस्टरला दाखाउ छावणीच्या जागी सिंती उपोषणाला बसले, आणि १९८२ मध्ये चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी पहिल्यांदा अधिकृतपणे वंशहत्या हा शब्द वापरला. बर्लिनला संसदेशेजारी स्मारक झालं ते २०१२ मध्ये. गोल काळं पाण्याचं कुंड, मधोमध एक दगड, त्यावर रोज एक ताजं फूल.

पूर्व युरोपात कम्युनिस्टांनी घरं-नोकऱ्या दिल्या हे खरं, पण गाड्यांची चाकंही काढून घेतली, चेकोस्लोव्हाकियाचा १९५८ चा कायदाच तसा. तिथेच रोमा बायकांची नसबंदी व्हायची, सिझेरियन करता करता, कागद नीट न समजावता. चेक सरकारने त्याची भरपाई द्यायचा कायदा केला २०२१ मध्ये, बाईमागे ३ लाख कोरुना. मुलांचं वेगळंच, शाळेत घेताना चेक भाषेतली टेस्ट, घरी बोलतात रोमानी, नापास झालं की मतिमंद मुलांच्या शाळेत. ओस्त्राव्हाची १८ मुलं हे प्रकरण घेऊन युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेली आणि २००७ मध्ये जिंकली, तोवर ती मोठी झाली होती.

आज बहुतेक रोमा कुठे फिरत नाहीत. घरात राहतात, चाळीत, झोपडपट्टीत, फ्लॅटमध्ये. उत्तर मॅसिडोनियात स्कोपये शहराला लागून शूतो ओरिझारी म्हणून पालिका आहे, तिथे बहुसंख्य तेच, महापौर त्यांचा, रोमानी अधिकृत भाषा.

८ एप्रिल १९७१ ला लंडनजवळ पहिली जागतिक रोमा काँग्रेस भरली. चंदीगडचे वीर राजेंद्र ऋषी, परराष्ट्र खात्यातले भाषातज्ज्ञ, तिथे हजर होते, त्यांनी पुढे चंदीगडला रोमा अभ्यासाची संस्था काढली. तिथे ठरलेला झेंडा: वर निळा, खाली हिरवा, मध्ये लाल चाक. सोळा आऱ्यांचं. कोणी म्हणतं गाडीचं चाक, कोणी म्हणतं अशोकचक्र (आपलं चोवीस आऱ्यांचं). २०१६ मध्ये दिल्लीत परिषद झाली तेव्हा सुषमा स्वराज यांनी यांना भारताची लेकरं म्हटलं, आपल्याकडे टाळ्या पडल्या. रोमांमध्ये यावर एकमत नाही. काहींना अभिमान आहे, आणि काही म्हणतात की आधीच शेजारी रोज सांगतात तुम्ही बाहेरचे, चालते व्हा, त्यात आम्ही स्वतः कशाला म्हणू की आमचं घर लांब भारतात आहे? सहाशे वर्षं जिथे राहिलो ते आमचं घर नाही का?

आईला हे सगळं मी तुकड्यातुकड्यांत सांगितलं, काही भाजी निवडताना, काही चहा करताना. सेतेलाचा फोटो तिने बराच वेळ बघितला, काही बोलली नाही. परवा मात्र स्वतःहून म्हणाली, तो मोजायचा व्हिडिओ लाव परत. लावला. शोवपर्यंत बाईच्या बरोबरीने म्हणाली, एफ्ता आलं तशी गप्प झाली, आणि देशला परत आली.